ज्येष्ठांमधला आत्महत्येचा धोका: तरुणांपेक्षा वेगळा का, आणि तो कसा ओळखायचा

"आता देवानं उचललं म्हणजे सुटलो." पंचवटीतल्या जुन्या वाड्यापासून गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटपर्यंत नाशिकमध्ये हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणतं. ऐकणारा "असं काय बोलता नाना" म्हणतो आणि विषय बदलतो. हेच वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून आलं असतं तर सगळं घर खडबडून जागं झालं असतं. बोलणाऱ्याचं वय पाहून आपण त्याच्या बोलण्याचं वजन ठरवतो आणि ज्येष्ठांमधला धोका नेमका इथेच नजरेतून सुटतो.

ज्येष्ठ नागरिक संघाचे नवे कार्यकर्ते, आशाताई, सोसायटीतले शेजारी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करणारी मुलं, लेकी, सुना यांच्यासाठी हे लिहिलं आहे. पुढे वाचण्याआधी चार नंबर मोबाइलमध्ये भरून ठेवा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. रुग्णवाहिका १०८. आणि जीवाला आत्ता या क्षणी धोका असेल तर ११२. तुमच्या स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील तर लेख बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ लावा.

आधी फरक समजून घ्या

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. यातली सुमारे दोन तृतीयांश माणसं १८ ते ४५ या वयातली होती, त्यामुळे आत्महत्या हा तरुणांचाच प्रश्न असा समज पक्का होतो. पण आपल्याकडे तरुणांची संख्याच मोठी आहे, म्हणून मृत्यूंचा आकडाही तिथे मोठा दिसतो. दर लाख लोकांमागे किती, असं मोजलं तर जगाच्या जवळजवळ सगळ्या भागांत सत्तरीच्या पुढच्या वयात हे प्रमाण सर्वाधिक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं नोंदवलं आहे.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजांप्रमाणे तरुणांमध्ये एका मृत्यूमागे शंभर ते दोनशे प्रयत्न असतात, तर ज्येष्ठांमध्ये चारच्या आसपास. याची कारणं साधी आहेत. शरीर थकलेलं असतं, ते धक्का सोसत नाही. माणूस एकटा असतो, लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. आणि विचार बरेच दिवस मनात घोळून पक्का झालेला असतो, तो बोलून दाखवलेला नसतो. म्हणजे तरुणाच्या बाबतीत पुष्कळदा दुसरी संधी मिळते, म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ती मिळेलच असं धरून चालू नका.

तरुणाचं संकट गोदेच्या पुरासारखं असतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की गावभर कळतं आणि ओसरतंही लवकर. परीक्षेचा निकाल, प्रेमभंग, घरातलं भांडण, लग्नानंतरचा छळ, मोबाइलवर झालेली बदनामी, सोबत दारू किंवा नशा. विचार मनात येणं आणि पाऊल उचलणं यांत कधी कधी काही मिनिटांचंच अंतर असतं. म्हणून तिथे काम असतं ते वेळ काढण्याचं: ती रात्र सोबत बसून काढा, धोक्याची वस्तू हातापासून लांब ठेवा. ओळखीतल्या कुणी आत्महत्या केली की त्याचं अनुकरण होण्याचा धोकाही तरुणांत जास्त असतो. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येनं गेले. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये काय किंवा होस्टेलवर काय, अशी घटना घडली की पुढचे काही आठवडे बाकीच्या मुलांकडे लक्ष हवं.

ज्येष्ठाचं संकट आटत्या विहिरीसारखं असतं. पोहरा रिकामा वर येतो तेव्हाच कळतं. दुखणी, सततची वेदना, दिसणं-ऐकणं कमी होणं, जोडीदार जाणं, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्य: "मी पोरांवर ओझं झालोय." हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. "देवानं न्यावं" यापेक्षा ते कितीतरी जास्त धोक्याचं आहे, कारण मी गेलो तर घरच्यांचं भलं होईल असा हिशेब त्यात दडलेला असतो.

नैराश्य दोन्ही वयांत असतं, पण म्हातारपणी ते वेगळं रूप घेऊन येतं. रडणं, उदास बसणं फारसं दिसत नाही. त्याऐवजी पोट साफ होत नाही, अंग ठणकतं, पहाटे तीनला जाग येते ती लागतच नाही, जेवणाला चव नाही. एकामागून एक तपासण्या होतात, सगळ्या नॉर्मल येतात आणि "वयोमानानं व्हायचंच" असा निकाल लागतो. नैराश्य हा वयाचा भाग नव्हे. तो आजार आहे आणि ऐंशीव्या वर्षीही बरा होतो.

पायरी १: आधी कुणाकडे जायचं

संघाच्या यादीत तीनशे नावं असली तरी सगळ्यांकडे एकदम जाता येत नाही. ज्यांनी पूर्वी कधी जीव द्यायचा प्रयत्न केला आहे, त्यांची नावं सर्वांत वर. त्यानंतर गेल्या वर्षभरात जोडीदार गमावलेले, त्यातही पुरुष. आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांनी आयुष्यात चहासुद्धा स्वतः केलेला नसतो, मित्र होते ते कामावरचे, आणि मनातलं बोलायला फक्त बायको होती. मग रुग्णालयातून नुकतेच घरी आलेले. कॅन्सर, पक्षाघात, कंपवात, दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार असलेले. स्मृतिभ्रंशाचं निदान नुकतंच कळलेले, कारण सुरुवातीच्या महिन्यांत पुढे काय होणार हे माणसाला पुरतं समजत असतं. रोज पिणारे. गावचं घर बंद करून मुलाच्या फ्लॅटमध्ये आलेले. आणि एक गट हमखास राहून जातो: अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराचं करणारे ज्येष्ठ. सगळे रुग्णाची चौकशी करतात, करणाऱ्याची कुणी करत नाही.

सेवानिवृत्तीकडेही लक्ष द्या. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत तीस-पस्तीस वर्षं शिफ्टप्रमाणे जगलेल्या माणसाला घरातली सकाळ एकदम रिकामी वाटते. एकट्या निवृत्तीनं सहसा एवढं टोक गाठलं जात नाही. तिच्यात दारू, दुखणं किंवा घरातला अबोला मिसळला की धोका वाढतो.

तेराव्यानंतरचे दिवस वेगळे मांडायला हवेत. दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, कुणी डबा आणतं, कुणी रात्री सोबत झोपतं. तेरावं झालं, गोडजेवण झालं की गाड्या निघतात. चौदाव्या दिवशी घरात एक माणूस आणि भिंतीवर एक फोटो. आपली पहिली भेट या चौदाव्या-पंधराव्या दिवशी ठेवा. पुढे तीन महिने आठवड्याला एकदा, नंतर वर्षश्राद्धापर्यंत पंधरा दिवसांनी. लग्नाचा वाढदिवस, दिवाळी आणि वर्षश्राद्ध या तारखा आधीच वहीत लिहून ठेवा. त्या आठवड्यात फोनवर भागवू नका, स्वतः जा.

पायरी २: घरात गेल्यावर काय पाहायचं

सकाळी दहा-अकराला जा. भर दुपारी गेलात तर माणूस झोपेत असतो, आणि संध्याकाळी घरचे सगळे समोर असतात.

गोळ्यांचा डबा मागून घ्या. "काका, बीपीची गोळी कुठली चालू आहे?" म्हटलं की कुणालाही वावगं वाटत नाही. १५ गोळ्यांची पट्टी १ तारखेला सुरू केली आणि रोज एक असेल, तर १० तारखेच्या रात्री पाच उरायला हव्यात. बारा उरल्या असतील तर विसर पडतोय किंवा औषध मुद्दाम थांबवलंय. दोन्हीची चौकशी करायची. मधुमेहाची, हृदयाची गोळी गुपचूप बंद करणं हा जगण्यातून काढता पाय घेण्याचाच एक मार्ग असतो. डब्याच्या तळाशी न वापरलेल्या पट्ट्या साठत असतील तर ती आणखी गंभीर खूण.

मग बाकीचं. दाढी वाढलेली आहे का, तीही एरवी रोज दाढी करणाऱ्याची. पॅन्ट सैल झाली आहे का. देवपूजा, वर्तमानपत्र, कट्ट्यावरची बैठक यांतलं काय सुटलं. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे का. वस्तू वाटून टाकणं सुरू आहे का: घड्याळ नातवाला, पूजेचं साहित्य शेजारणीला, "हे आता तुझ्याकडेच असू दे." इथे थोडं थांबून विचार करा. बँकेत वारस नोंदवणं, मृत्युपत्र करणं हा शहाणपणा आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आठवडाभरात घाईघाईनं सगळी निरवानिरव झाली आणि महिनोन्महिने खचलेला माणूस अचानक शांत दिसू लागला, तर ती शांतता चांगली मानून परत फिरू नका.

"देवानं उचलावं" हे नेहमीचं की वेगळं, हे कसं ओळखायचं? तीन गोष्टी पाहा. एक, बदल. दहा वर्षं हेच म्हणणारी आजी आजही हसत म्हणत असेल आणि लगेच पापड वाळले का विचारत असेल, तर निदान बदल तरी नाही. दोन, कर्ता कोण. "देव नेईल" आणि "मीच आता सोडवणूक करून घेतो" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तीन, पुढचं काही उरलंय का. नातीचं लग्न, पंढरीची वारी, मोतीबिंदूचं ऑपरेशन यातलं काहीच बोलण्यात येत नसेल तर थांबा आणि सरळ विचारा.

पायरी ३: सरळ विचारणं

नवे कार्यकर्ते इथे अडखळतात. विचारलं तर नको तो विचार डोक्यात भरेल ही भीती खोटी आहे. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं.

सून-मुलगा समोर असताना विचारू नका. चांगलं ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला, चेहरा दिसेल असं बसा. टीव्ही बंद करा. मग एकेक पायरी उतरत जा:

"काका, एवढं दुखणं मागे लागलं की काहींना जगणं नकोसं होतं. तुम्हाला तसं होतं का?"

"रात्री झोपलो ते सकाळी उठूच नये, असं वाटतं का?"

"स्वतःच जीव द्यावा, असं मनात येतं का?"

"कसं आणि कधी, तेही ठरवलंय का? त्याची काही तयारी केलीय का?"

"पूर्वी कधी असं झालं होतं का?"

आणि शेवटी, "मग आजवर तुम्हाला कशानं थांबवलं?" याचं उत्तर शब्दन् शब्द लिहून ठेवा. नातू, बायकोला दिलेला शब्द, दारातली गाय, काहीही असो. पुढे तेच आधाराला येतं.

विचारून झालं की गप्प बसा. म्हाताऱ्या माणसाला उत्तराला वेळ लागतो, आणि नवखा माणूस ती शांतता सहन न होऊन स्वतःच बोलू लागतो: "असं नका हो बोलू, तुम्हाला काय कमी आहे, पोरं एवढी चांगली." अशानं दार बंद होतं. आणखी एक चूक म्हणजे "कुणाला सांगणार नाही" असं वचन देणं. ते देऊ नका. "जीवाचा प्रश्न असेल तर मला एका माणसाला सांगावं लागेल, कुणाला सांगू ते तुम्हीच ठरवा," असं म्हणा.

मोजमाप हवं असेल तर ज्येष्ठांसाठी १५ प्रश्नांची हो-नाही स्वरूपाची नैराश्य प्रश्नावली असते. ५ च्या वर गुण आले की डॉक्टरकडे पाठवायचं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि तिथे १० ही सीमा धरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. बेरीज कमी आली, पण नवव्याला "नाही" सोडून दुसरं उत्तर असेल, तर बेरीज बाजूला ठेवून वरचे सगळे प्रश्न विचारा.

पायरी ४: उत्तरावरून काय करायचं

फक्त जगणं नकोसं वाटतं, स्वतः काही करायचा विचार नाही: आठवड्याच्या आत डॉक्टर, आणि तीन दिवसांत तुमची दुसरी भेट. जीव द्यायचा विचार येतो पण काही ठरवलेलं नाही: त्याच दिवशी घरातल्या एका जबाबदार माणसाला कल्पना द्या, तिथूनच टेली-मानसला फोन लावून बोलणं करून द्या आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. ठरवलेलं आहे, तयारी आहे, किंवा नुकताच प्रयत्न झाला आहे: एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. १०८ बोलवा किंवा थेट त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला न्या. बाथरूमला गेले तरी कडी लावू देऊ नका.

हॉस्पिटलात खरं सांगायला घरचे कचरतात, पोलीस केस होईल म्हणून. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरवणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ नाही. नोंद होऊ शकते, पोलीस जबाब घेऊ शकतात, पण म्हणून डॉक्टरपासून काही लपवू नका. काय झालं हे कळलं नाही तर उपचार चुकतात.

पायरी ५: घर सुरक्षित करणं

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या घरांत हे काम सर्वांत आधी करायचं. द्राक्षाचं, कांद्याचं फवारणीचं औषध पडवीत, कॉटखाली, गोठ्याच्या फळीवर ठेवलेलं असतं. एका फवारणीपुरतंच आणा, उरलेलं घरात साठवू नका, आणि राहत्या घरापासून लांब कुलपात ठेवा. किल्ली धोका असलेल्या माणसाला ठाऊक नसलेल्या जागी, शक्यतो शेजारच्या घरी. हे किरकोळ वाटतं, पण श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. हाताशी साधन नसलं की माणूस सहसा दुसरं शोधत बसत नाही. हा नियम तरुणांना लागू पडतो तसा म्हाताऱ्यांनाही.

शहरातल्या घरात गोळ्या आठवड्याच्या डबीत सात दिवसांपुरत्याच भरा, बाकीच्या दुसऱ्याकडे. जुनी, बंद झालेली औषधं काढून टाका. त्यांनी बोलताना ज्या वस्तूचा उल्लेख केला असेल ती आधी हलवा. हे सगळं त्यांच्या पाठीमागे करू नका. "काका, तब्येत सावरेपर्यंत हे मी सांभाळतो" असं सांगून करा, नाहीतर विश्वास उडतो.

पायरी ६: डॉक्टरकडे

सोबत जा आणि चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, सोडियम यांतला बिघाड नैराश्यासारखा दिसू शकतो. स्टिरॉइडसारख्या काही औषधांनीही मन खचतं. माणूस एक-दोन दिवसांतच एकदम बरळू लागला, दिवसरात्र कळेनासं झालं, तर ते नैराश्य नव्हे. जंतुसंसर्ग किंवा क्षारांचा बिघाड असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

नैराश्याची गोळी ज्येष्ठांना कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. गुण यायला चार ते सहा, कधी आठ आठवडे लागतात. "पंधरा दिवस घेतली, फरक नाही, बंद केली" ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, म्हणून हे पहिल्याच दिवशी घरच्यांना समजावून सांगा. वयाचा फरक इथेही आहे: पंचविशीच्या आतल्यांना या गोळ्यांच्या पहिल्या काही आठवड्यांत जीव द्यायचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर जवळून लक्ष ठेवायचं असतं. पासष्टीच्या पुढे उलट हे विचार कमी होताना दिसतात. मात्र ज्येष्ठांत सोडियम उतरू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत गुंगी, गोंधळ किंवा पडणं दिसलं तर लगेच रक्त तपासा. खाणंपिणं सोडलेल्या, फार खचलेल्या रुग्णाला डॉक्टर विद्युत उपचार सुचवतात. "शॉक" म्हटलं की घरचे घाबरतात. तो भूल देऊन करतात आणि म्हाताऱ्या रुग्णांना त्याचा गुण चांगला येतो.

पैशाची कोंडी किंवा घरातला छळ मुळाशी असेल तर गोळ्या पुरणार नाहीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जावर दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो. सांभाळायच्या अटीवर मुलाला घर लिहून दिलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. ती अट कागदावर असेल तर बाजू भक्कम होते, म्हणून बक्षीसपत्रावर सही करण्याआधी ती लिहून घ्या.

पायरी ७: पाठपुरावा

प्रयत्नातून वाचून घरी आलेल्या माणसाला सर्वाधिक धोका पहिल्या आठवड्यात आणि पुढच्या तीन महिन्यांत असतो. नेमकं याच काळात "आता झालं बरं" म्हणून सगळे पांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, त्यात आपल्याकडे चेन्नईत, करून पाहिलेली पद्धत अगदी सोपी आहे: रुग्णालयातून घरी सोडताना तासभर नीट बोलणं, आणि नंतर ठरलेल्या दिवशी नऊ वेळा फोन किंवा भेट. एवढ्यानंही आत्महत्येनं होणारे मृत्यू घटले.

माणूस १ जूनला घरी आला असेल तर वहीत अशा तारखा घाला: ८ जून, १५ जून, २९ जून, २० जुलै, १७ ऑगस्ट, १ ऑक्टोबर, १ डिसेंबर, पुढच्या वर्षीचा १ जून आणि १ डिसेंबर. प्रत्येक वेळी चार गोष्टी विचारायच्या: झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, ते विचार पुन्हा आले का, या आठवड्यात घराबाहेर कुठे गेलात. शक्यतो एकाच माणसानं फोन करावा, आवाज ओळखीचा होतो. दोनदा फोन उचलला नाही तर तिसऱ्यांदा लावत बसू नका. ज्या शेजाऱ्याकडे दुसरी किल्ली आहे त्याला लगेच पाठवा, आणि त्याचा नंबर पहिल्याच भेटीत घेऊन ठेवा.